कोठडीतल्या माणसाची नोंद कुठे सापडते?

अटक, कोठडी आणि तुरुंग यांविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. जिल्हे वेगळे असले तरी बहुतेकांची अडचण एकच आहे. घरचे लोक माणसाचे नाव घेऊन तुरुंगाच्या फाटकावर जातात आणि हात हलवत परत येतात. कोणीही नाव टाकून पाहावे अशी तुरुंगातल्या माणसांची खुली यादी आपल्याकडे नाही. न्यायालयाची नोंद मात्र बऱ्याच अंशी उघडी असते, आणि ती नावापेक्षा नंबरावर चालते. म्हणून आधी नंबर मिळवायचा. तो हाती आला की तुरुंग, तारीख, जामीन या बाकीच्या गोष्टींचा माग लागतो.

प्रश्न : माझ्या मुलाला आणि गावातल्या आणखी दोघांना शनिवारी संध्याकाळी पकडून नेले. पोलीस ठाण्यात विचारले तर ‘आमच्याकडे नाही’ म्हणतात. कोणी म्हणते जंगलखात्याने नेले, कोणी म्हणते चंद्रपूरला नेले. कुठे विचारायचे?
— एक वडील, ता. सिंदेवाही

काका, आधी एकच गोष्ट पक्की करा : नेले कोणी? आपल्या भागात अटक करणारे फक्त पोलीस नसतात. वनविभाग आणि राज्य उत्पादन शुल्क खातेही अटक करते, आणि त्या नोंदी पोलीस ठाण्यात नसतात. वनविभागाने नेले असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. तिथे वनगुन्ह्याची पहिली नोंद असते, तिला सगळे ‘पीओआर’ म्हणतात. पीओआरचा नंबर, तारीख आणि मुलांना कोणत्या न्यायालयात नेणार, एवढे आरएफओंकडून (वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडून) लिहून घ्या. ठाणेदार ‘आमच्याकडे नाही’ म्हणाले ते अशा वेळी खरेही असू शकते.

पोलिसांनीच नेले असेल, तर सांगणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ प्रमाणे अटक झाली आणि माणसाला कुठे ठेवले आहे हे नातेवाइकाला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला लगेच कळवायचे असते. कोणाला कळवले त्याची नोंद ठाण्याच्या वहीत करायची असते. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी यासाठी एक अधिकारी नेमलेला असतो. अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप लोकांना दिसेल असे लावणे हे त्याचे काम. म्हणून ठाण्यात गेल्यावर ‘माझा मुलगा कुठे आहे’ एवढेच विचारून थांबू नका. ‘कलम ३७ चे अधिकारी कोण, अटकेचा फलक कुठे आहे’ असे विचारा. जिल्हा पोलीस नियंत्रण कक्षालाही विचारा. डी. के. बसू खटल्यातल्या १९९६ च्या निकालानुसार अटकेची माहिती १२ तासांच्या आत तिथे पोहोचायला हवी.

अटक शनिवारी संध्याकाळची आहे, हे महत्त्वाचे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावेच लागते, म्हणजे रविवारी. रविवारी तुमच्या तालुक्याचे न्यायालय बंद असते आणि सुटीच्या पाळीवर असलेले न्यायाधीश दुसऱ्या ठिकाणचे असू शकतात. लोक सोमवारी आपल्याच तालुक्याच्या कोर्टात वाट पाहत बसतात आणि रिमांड (कोठडीचा आदेश) आदल्या दिवशी दुसरीकडे होऊन गेलेला असतो. म्हणून ‘सुटीच्या दिवशी कोणते कोर्ट’ हे शनिवारीच विचारून ठेवावे.

एका कागदावर पाच गोष्टी उतरवून घ्या : ठाण्याचे नाव, अपराध क्रमांक आणि वर्ष (समजा, ०२१४/२०२५), लावलेली कलमे, तपास अधिकाऱ्याचे नाव, आणि कोणत्या न्यायालयात कधी हजर करणार किंवा केले. वर्ष विसरू नका. नंबर दरवर्षी नव्याने सुरू होतात, त्यामुळे नुसत्या ‘दोनशे चौदा’ने काहीच सापडत नाही.

एफआयआर राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’मध्ये जिल्हा, ठाणे आणि तारीख देऊन पाहता येते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर २४ तासांत, आणि इंटरनेटची अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तासांत, संकेतस्थळावर टाकायला सांगितले. लैंगिक अत्याचार, पोक्सो, दहशतवाद अशा नाजूक प्रकरणांतली एफआयआर तिथे दिसत नाही. ती न दिसल्यामुळे गुन्हाच नोंदलेला नाही असे समजू नका. अशा वेळी आरोपीच्या वतीने नकलेचा अर्ज करायचा.

आणखी एक शक्यता. भांडणतंट्यात, सणासुदीला किंवा निवडणुकीच्या आधी ‘प्रतिबंधक कारवाई’ म्हणून माणसे उचलतात. तेव्हा एफआयआर नसते आणि माणसाला कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर, म्हणजे बहुतेक वेळा तहसील कार्यालयात, उभे करतात. ते प्रकरण न्यायालयाच्या संकेतस्थळावर सापडणार नाही, तहसीलच्या फौजदारी शाखेतच विचारावे लागेल.

२४ तास उलटले आणि कोणीच हो म्हणत नसेल, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या नावे दोन प्रतींत अर्ज द्या. एका प्रतीवर आवक शिक्का आणि वेळ घ्या. त्याच दिवशी विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या नंबरावर फोन करा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाची (डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणारी) याचिका करायची वेळ आली, तर शिक्क्याचा हा कागद पहिला पुरावा ठरतो.

आणि एक सांगणे : अटकेची बातमी गावभर झाली की अनोळखी नंबरांवरून फोन येतात, ‘साहेब बोलतो, आत्ता पैसे टाका, सोडून देतो.’ फोनवर पैसे भरून कोणाची सुटका होत नाही. एक रुपयाही टाकू नका. टाकले गेलेच, तर लगेच १९३० वर कळवा.

प्रश्न : भावाला एमसीआर झाला. आम्ही यवतमाळच्या जेलवर गेलो तर ‘इथे नाही’ म्हणून परत पाठवले. मग तो आहे कुठे? आणि भेट कशी घ्यायची?
— एक बहीण, ता. दिग्रस

ताई, पीसीआर म्हणजे पोलिसांची कोठडी आणि एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. एमसीआर झाला की न्यायालय तुरुंगाधिकाऱ्याच्या नावे वॉरंट काढते. माणूस कोणत्या तुरुंगात पाठवला हे त्या वॉरंटवर लिहिलेले असते. त्यामुळे फाटकावर चौकशी करण्याआधी ज्या कोर्टाने रिमांड दिला तिथे जा. फौजदारी शाखेच्या लिपिकाला किंवा त्या ठाण्याच्या पैरवी कर्मचाऱ्याला (कोर्टातले कागद सांभाळणारा पोलीस) अपराध क्रमांक सांगा. दोन मिनिटांत उत्तर मिळते.

माणूस जिल्हा कारागृहात न सापडण्याची कारणे साधारण अशी असतात. त्याच संध्याकाळी गेलात तर तो अजून पोहोचलेलाच नसतो. सायंकाळी कैद्यांची मोजणी होऊन बराकी बंद झाल्या की नवीन माणूस सहसा आत घेत नाहीत. मग रात्र ठाण्याच्या लॉकअपमध्ये जाते आणि दाखल सकाळी होतो. दुसरे कारण गर्दी. जिल्हा कारागृह भरले की कैदी अमरावती किंवा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात हलवतात. तिसरे, दुसऱ्या जुन्या गुन्ह्यात दुसऱ्या कोर्टाने त्याला प्रॉडक्शन वॉरंटवर मागवलेले असते. चौथे, तब्येत. तो सरकारी दवाखान्यात पोलीस पहाऱ्यात असू शकतो. बाईमाणूस असेल तर जिथे महिला विभाग आहे त्याच तुरुंगात ठेवतात, आणि ते ठिकाण जिल्ह्याबाहेरचे असू शकते.

भेटीसाठी राष्ट्रीय कारागृह माहिती पोर्टलवर ‘ई-मुलाकात’ ही सोय आहे. प्रत्यक्ष भेट आणि व्हिडिओ भेट, दोन्हींची नोंदणी तिथे होते. भेटायला जाणाऱ्याचे नाव, पत्ता, ओळखपत्र, मोबाइल किंवा ईमेल, आणि कैद्याचे नाव, वडिलांचे नाव, वय, तुरुंग, नाते एवढे भरायचे. ओटीपी येतो, मग तुरुंगाची मंजुरी. तुरुंग माहीत नसेल तर हा फॉर्म भरताच येत नाही. बऱ्याच नोंदण्या नाकारल्या जातात त्या नाव न जुळल्याने. घरी ‘बाळू’, आधारवर ‘बाळकृष्ण’ आणि वॉरंटवर ‘बाळा’ असे असेल, तर वॉरंटवर जे आहे तेच भरा. आडनाव आणि वडिलांचे नावही वॉरंटप्रमाणेच. गावात नेट नसेल तर सेतू किंवा सीएससी केंद्रातून भरता येते, पण ओटीपी येईल तो फोन सोबत न्या. भेटीचे वार आणि वेळा तुरुंगागणिक वेगळ्या असतात. दिग्रसहून एसटीने जायचे तर आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवा.

पहिल्या भेटीत त्याचा बंदी क्रमांक विचारून घ्या. मनीऑर्डर, पत्र, वकीलपत्रावरची सही, सगळीकडे तो लागतो. एकाच नावाचे दोघे-तिघे आत असणे नवलाचे नाही. नुसत्या नावावर पाठवलेली मनीऑर्डर दुसऱ्याच्या खात्यावर चढते किंवा परत येते.

प्रश्न : पोराला जामीन मंजूर होऊन बारा दिवस झाले. वकील म्हणतात ‘ऑर्डर झाली’, जेलवाले म्हणतात ‘आमच्याकडे काही आले नाही’. तो अजून अमरावतीलाच आहे.
— धारणी तालुक्यातील एक वाचक

जामिनाचा आदेश आणि सुटकेचा आदेश हे दोन वेगळे कागद आहेत. जामीन मंजूर झाल्यावर अटीप्रमाणे बंधपत्र आणि जामीनदार न्यायालयापुढे द्यावा लागतो. तो स्वीकारला की न्यायालय तुरुंगाच्या नावे सुटकेचा आदेश काढते. तुमचे घोडे बहुधा या दोन कागदांच्या मध्ये अडले आहे.

जामीनदार का नाकारतात? सातबारा पाच भावांच्या सामाईक नावावर असतो, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा जमिनीच्या किमतीइतका असतो, तहसीलचा ऐपतीचा दाखला जुना असतो, किंवा तोच माणूस आधी दुसऱ्याला जामीन राहिलेला असतो. कोर्टात जायच्या आधी ताजा सातबारा, ऐपतीचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि फोटो एकत्र करून वकिलांना दाखवा. मेळघाटात अनेकांकडे नावावर सातबाराच नसतो. तेव्हा वकिलांना जामीनदाराऐवजी रोख रकमेची किंवा वैयक्तिक बंधपत्राची परवानगी मागायला सांगा. गुन्हा जामीनपात्र असेल, तर आठवड्याभरात जामीनदार न देऊ शकलेला माणूस निर्धन समजून वैयक्तिक बंधपत्रावर सोडावा, अशी कायद्यातच तरतूद आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४७८).

सुटकेचा आदेश निघूनही अडत असेल, तर तीन गोष्टी तपासा. आदेशावरचे नाव, अपराध क्रमांक आणि खटला क्रमांक वॉरंटशी जुळतात का? एका आकड्याची चूक असली तरी तुरुंग सोडत नाही आणि दुरुस्ती न्यायालयाकडूनच करून आणावी लागते. दुसरे, त्याच्यावर आणखी कुठले वॉरंट आहे का? एका गुन्ह्यात जामीन झाला तरी दुसऱ्यातली कोठडी चालू राहते, हे घरच्यांना पुष्कळदा ठाऊकच नसते. तिसरे, आदेश तुरुंगाच्या जामीनपेटीत (सुटकेचे आदेश टाकायच्या पेटीत) वेळेत पडला का? पेटी ठरलेल्या वेळी उघडतात. ती वेळ हुकली की सुटका दुसऱ्या दिवसावर जाते.

तुमचे बारा दिवस झाले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात ठरवून दिले आहे की जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात जावी. कैदी सात दिवसांत सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. महिन्याभरात बंधपत्र देता आले नाही तर न्यायालय अटी सैल करण्याचा विचार स्वतःहून करू शकते. जामीनदार स्थानिकच हवा या हट्टामुळे सुटका लांबते, हेही त्या आदेशात म्हटले आहे. अमरावतीच्या प्राधिकरणाकडे अर्ज करताना या आदेशाची तारीख लिहा. गरीब कैद्यांना जामिनाची किंवा दंडाची रक्कम भरण्यासाठी केंद्राची योजनाही आहे. २०२३ मध्ये ती आली तेव्हा कच्च्या कैद्यासाठी (ज्याचा खटला अजून संपलेला नाही) मर्यादा ४० हजार रुपये ठेवली होती. अर्ज याच प्राधिकरणातून पुढे जातो. अमली पदार्थ, यूएपीए, मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांना ती लागू नाही.

वकिलाची फी झेपत नसेल तर ‘लोकअभिरक्षक’ कार्यालयाचा वकील फुकट मिळतो. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : धाकटा भाऊ मिरची तोडायला खम्ममकडे गेला होता. मुकादम म्हणतो, त्याला तिकडेच अटक झाली. आम्हाला तेलुगू येत नाही.
— गडचिरोली जिल्ह्यातून

ई-कोर्ट्स ही न्यायालयांच्या नोंदी पाहण्याची सेवा देशभरासाठी एकच आहे. संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये राज्य तेलंगणा आणि मग जिल्हा निवडा. मुकादमाकडून ठाण्याचे नाव आणि अटकेची तारीख काढून घ्या. मजूर जिथे उतरले होते त्या गावाचे नाव कळले तरी ठाणे शोधता येते. नावाने शोधताना लक्षात ठेवा, तिकडे घराण्याचे नाव आधी लिहिण्याची पद्धत आहे. ‘रामदास मारोती कोवे’ची नोंद ‘कोवे रामदास’ अशी असू शकते, म्हणून नुसत्या आडनावानेही पाहा. बाकी काम गडचिरोलीच्या विधी सेवा प्राधिकरणावर सोपवा. मराठीत अर्ज द्या, ते तिकडच्या प्राधिकरणाशी पत्रव्यवहार करतात आणि आरोपीला तिथला वकील मिळतो. स्वतः जाणार असाल तर नात्याचा पुरावा न्या, नुसते तुमचे आधारकार्ड पुरत नाही. रेशनकार्डावर दोघांची नावे असतील तर उत्तम.

प्रश्न : मुलीसाठी स्थळ आले आहे. मुलगा ‘आत जाऊन आला’ अशी कुजबुज आहे. खरेखोटे कसे तपासायचे?
— बुलढाणा जिल्ह्यातील एक वधूपिता

तुरुंग तुम्हाला हे सांगणार नाही. माहिती अधिकारात विचारले तरी ‘व्यक्तिगत माहिती’ म्हणून नाकारतील. न्यायालयाची नोंद मात्र पाहता येते.

ई-कोर्ट्सवर जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घ्या. नावाची निदान तीन अक्षरे आणि वर्ष द्यावे लागते, आणि ‘प्रलंबित’ व ‘निकाली’ दोन्ही पाहावे लागतात. नावे इंग्रजी अक्षरांत असतात आणि घोळ इथेच होतो. वानखेडे कुठे ‘व्ही’ने असतात, कुठे ‘डब्ल्यू’ने. ‘ज्ञानेश्वर’ तर चार-पाच प्रकारांनी लिहिलेले सापडते. म्हणून सुरुवातीची तीन-चार अक्षरेच टाका आणि यादी डोळ्यांखालून घाला. एकेका वर्षाचा आणि एकेका तालुक्याच्या कोर्टाचा शोध वेगळा घ्यावा लागतो. कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही. खटला सापडला की त्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर उतरवून ठेवा. महाराष्ट्रातल्या नंबरांची सुरुवात ‘एम-एच’ने होते. पुढच्या वेळी तो एक नंबर टाकला की पुरे. चार्जशीट दाखल होईपर्यंत मुख्य खटल्याला नंबर पडत नाही, पण जामीन अर्ज झाला असेल तर त्याचा वेगळा नंबर आधीच दिसतो.

आता आमचे स्पष्ट मत. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे नाही. वडिलांचे नाव, गाव आणि वय जुळेपर्यंत कोणापाशी बोलू नका. आणि कोठडीत राहिला म्हणजे गुन्हा केला, असेही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण खटला संपायची वाट पाहणारे कच्चे कैदी होते. त्यांतले पुष्कळ पुढे निर्दोष सुटतात. म्हणून निकालपत्र वाचा, ते त्याच संकेतस्थळावर बहुधा मिळते. सरळ मार्ग हा की मुलाला पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायला सांगा. तो ज्याचा त्यालाच मागता येतो. तोंडावर विचारणे अवघड वाटते खरे, पण पाठीमागून गावात विचारपूस करण्यापेक्षा ते दोन्ही घरांसाठी बरे.

प्रश्न : आमच्या जिल्हा कारागृहात किती लोक किती दिवसांपासून खटल्याविना आहेत, याची यादी माहिती अधिकारात मिळेल का?
— वर्ध्याचे एक कार्यकर्ते

नावानिशी यादी मागू नका, संख्या मागा. तुरुंगाची अधिकृत क्षमता, अमुक तारखेला असलेले बंदी, त्यांत कच्चे किती, पक्के किती, स्त्रिया किती, एक वर्षाहून अधिक काळ असलेले कच्चे कैदी किती, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली अधीक्षकांनी न्यायालयाकडे किती अर्ज पाठवले. हा शेवटचा आकडा फार मोलाचा आहे. पहिल्यांदाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, इतरांनी निम्मा काळ काढला की असा अर्ज करणे अधीक्षकांचे काम आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असलेले लोक यातून वगळले आहेत.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. फी १० रुपये. उत्तर ३० दिवसांत नाही आले तर पहिले अपील, त्याला २० रुपये. एखाद्या माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर उत्तर ४८ तासांत द्यावे लागते. ते कारण अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा, तळाशी लिहिलेले कोणी वाचत नाही.

प्रश्न : आजोबा १९४२ च्या चिमूरच्या आंदोलनात तुरुंगात होते असे घरात सांगतात. कागद एकही नाही. नोंद मिळेल का?
— चंद्रपूर जिल्ह्यातील एक शिक्षिका

मिळू शकते, पण आधी भूगोल बदलून घ्या. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूर आणि आष्टी पेटले तेव्हा हा भाग ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’मध्ये होता, राजधानी नागपूर. प्रांतात जबलपूर, रायपूर, सिवनी हेही होते आणि राजकीय कैदी प्रांतभर, कधी प्रांताबाहेरही हलवले जात. विनोबांना त्या काळात वेल्लोर आणि सिवनीच्या तुरुंगांत ठेवले होते. त्यामुळे आजोबांची नोंद नागपूरलाच असेल असे धरून चालू नका. ती आज मध्य प्रदेशात किंवा छत्तीसगडमध्ये असलेल्या एखाद्या तुरुंगाच्या रजिस्टरातही असू शकते. जिल्हाही ‘चांदा’ या नावाने शोधा.

शोधाची सुरुवात जिल्हाधिकारी कार्यालयातून करा. आजोबांनी किंवा आजीने कधी स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनाचा अर्ज केला असेल, तर त्या फाइलला तुरुंगाचा दाखला जोडलेला असण्याची शक्यता मोठी. केंद्राच्या योजनेत साधारण सहा महिन्यांचा तुरुंगवास (स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिने) दाखवावा लागे. कागद नसेल तर अभिलेख उपलब्ध नसल्याचा दाखला आणि सोबत कैदेत असलेल्या दोघांची प्रमाणपत्रे चालत. म्हणजे आजोबांची स्वतःची फाइल नसली, तरी त्यांच्या सोबत्याच्या फाइलमध्ये त्यांचे नाव सापडू शकते. गावातल्या इतर स्वातंत्र्यसैनिकांच्या घरी जाऊन विचारा.

त्यानंतर नागपूर मध्यवर्ती कारागृहाच्या अधीक्षकांना लेखी अर्ज, आणि नागपूरच्या पुराभिलेखागारात स्वतः जाणे. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर गृह-राजकीय विभागाच्या फायलींची सूची घरबसल्या पाहता येते. अर्जात ‘आजोबांची माहिती द्या’ असे लिहू नका. पूर्ण नाव, वडिलांचे नाव, मौजा, तहसील, त्या वेळचे अंदाजे वय आणि अटकेचा महिना लिहा. जुन्या नोंदींत आडनावाऐवजी जात किंवा धंदा लिहिलेला आढळतो, तोही कळवा.

प्रश्न : ज्याने आमच्या घरावर हल्ला केला तो जामिनावर सुटून गावात फिरताना दिसला तेव्हा आम्हाला कळले. आधी कोणी सांगायला नको होते का?
— वाशीम जिल्ह्यातून

सुटकेची सूचना फिर्यादीच्या फोनवर आपोआप येईल अशी सर्वसाधारण सोय आपल्याकडे नाही, आणि ही मोठी उणीव आहे. तरी काही हक्क आहेत. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचे असते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १९३). गुन्हा ॲट्रॉसिटी कायद्याखालचा असेल, तर कलम १५अ प्रमाणे जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना मिळण्याचा आणि म्हणणे मांडण्याचा हक्क पीडिताला आहे. तशी सूचना न देता जामीन झाला असेल तर तो मुद्दा घेऊन वरच्या न्यायालयात जाता येते. बाकी गुन्ह्यांत सीएनआर नंबर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये ‘माय केसेस’मध्ये जतन करा आणि दर दोन दिवसांनी पाहा. सत्र न्यायालयातला जामीन अर्ज वेगळ्या नंबराने येतो, तो आरोपीच्या नावाने शोधा. सरकारी वकिलांकडे तुमचा फोन नंबर लेखी देऊन ठेवा. गावात धमकी आली तर जामिनाच्या अटींची नक्कल काढा. बहुतेक आदेशांत साक्षीदारांना धमकावू नये अशी अट असते, आणि ती मोडली तर जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो.

प्रश्न : पोरगा सतराचा आहे, पण पोलिसांनी एकोणीस लिहिले आणि तो जेलमध्ये आहे.
— ता. अहेरी

हे आजच्या आज करायचे काम आहे. अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्येही ठेवता येत नाही आणि तुरुंगातही नाही. त्याची जागा निरीक्षणगृह आणि त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे. शाळेत जाऊन दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने घ्या. वयासाठी बाल न्याय कायद्याचे कलम ९४ आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला पाहते, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांतले काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आधारकार्डावरची तारीख एकटी पुरेशी धरत नाहीत. पहिल्या शाळेचा उतारा असेल तर तोच न्या. शाळा बदलताना तारखा बदललेल्या असतात आणि सरकारी वकील नेमके त्यावर बोट ठेवतात. उतारा घेऊन लोकअभिरक्षक कार्यालयात जा आणि ज्या न्यायालयाने रिमांड दिला तिथेच वयाचा अर्ज करा. हा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, निकालानंतरसुद्धा मांडता येतो. आणि मुलाचे नाव, फोटो किंवा गाव कोणत्याही ग्रुपवर टाकू नका, इतरांनाही टाकू देऊ नका. अशा मुलाची ओळख उघड करणे कायद्याने गुन्हा आहे.